फाट्यावर माणूस उभा करा

आमच्या घरातल्या फोनला लांबलचक वायर होती. लाइनमनला दोनदा चहा पाजून मी ती वाढवून घेतली होती, कारण मूळच्या वायरीत मला शेगडीपर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं. वाढवल्यावर शेगडी आली, मोरीचं दार आलं, उंबरा आला. अंगण काही आलं नाही. सहा वर्षं मी अंगणात निवांत अशी उभी राहिले नाही. कपडे वाळत घालायचे तर एक पाय अंगणात आणि कान घरात. अंघोळीला जाताना शेजारच्या काकूंना फोनपाशी बसवायची आणि तरी दोन तांब्यांत उरकून बाहेर यायची, कारण काकूंना कमी ऐकू येतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो फोन आमचा नव्हता, बंबाचा होता. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या पट्ट्यातली ती एक छोटी नगरपालिका, एवढं पुरे. पालिकेकडे आग विझवायचा एक लाल बंब, त्याला पत्र्याची एक शेड, आणि शेडमागे दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यात आम्ही राहायचो. माझा नवरा बंबाचा ड्रायव्हर होता, पण रोजंदारीवर. रोजंदारीच्या माणसाला खरं तर क्वार्टर मिळत नाही. आम्हाला मिळालं, कारण तिथं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

कळंबजवळच्या मळ्यातून मी लग्न होऊन आले तेव्हा नव्वद सालानंतरची सहा-सात वर्षं उलटली होती, आणि बंबावर सात माणसं होती. दोन ड्रायव्हर, चार फायरमन, एक फोनवर बसणारा ऑपरेटर. दिवसभर शेडमध्ये पत्ते रंगायचे. मलाही तेव्हा वाटायचं, काय सुखाची नोकरी आहे. मग एकदा ओतूरच्या बाजूला कडब्याची गंज पेटली आणि माझा नवरा परत आला तो भुवया जळालेला. त्या दिवसानंतर मी पत्त्यांबद्दल एक शब्द बोलले नाही.

पुढं नाक्यावरची जकात बंद झाली. पालिकेला हातात खेळणारा पैसा म्हणजे जकातच, तीच गेली. वरून अनुदान येईल म्हणाले. यायचंही, पण उशिरा आणि अपुरं. मग माणसं कमी करायची टूम निघाली. मंजूर पदं किती, भरलेली किती, जास्तीची किती, असा एक कागद वरून आला, आणि सभेत कुणीतरी उठून म्हणालं, "आग काय रोज लागते का? बंबावरची माणसं बसून पगार खातात." हे ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आग लागेपर्यंत तयार बसून राहणं हेच ज्याचं काम, त्याला बसून खातो म्हणायचं! पण मला कोण विचारतंय.

ऑपरेटर रिटायर झाला, त्याची जागा भरली नाही. दुसऱ्या ड्रायव्हरला कचऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसवलं. एक फायरमन पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हवर गेला. रोजंदारीवरच्या दोघांना कामावरून कमी केलं. उरले दोघं: माझा नवरा आणि एक कायम फायरमन. त्याला रिटायर व्हायला दोन वर्षं होती, गुडघे मात्र आधीच रिटायर झाले होते. तो बहुतेक रजेवरच असायचा.

ऑपरेटर गेला त्याच महिन्यात पालिकेचा आस्थापनेचा क्लार्क लाइनमनला घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "वहिनी, तात्पुरतं हां. तुम्ही घरीच असता, शिकलेल्या आहात. फोन आला की गाव लिहून घ्यायचं आणि भोंग्याचं बटण दाबायचं. पुढं जागा निघाली की तुमचाच विचार करू." तो हसून बोलला आणि मीही हसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. बारावी झालेली बाई मी, घरात बसून कंटाळले होते. तात्पुरतं म्हणता म्हणता सहा वर्षं झाली. पगार नाही, सही नाही, कुठल्याही कागदावर माझं नाव नाही. एका जुन्या वहीत मी माझ्या हौसेनं प्रत्येक फोन लिहून ठेवायची, तेवढीच काय ती नोंद.

ज्या दोघांना कमी केलं त्यांतल्या एकाबद्दल सांगायला हवं. त्यांना मी मामा म्हणायची. मामांचं घर मेंढरांचं. लहानपणापासून बापामागं कळप घेऊन दोन्ही तालुके पायी तुडवलेले, पार भीमाशंकरच्या जंगलाच्या कडेपर्यंत. आग विझवण्यात ते काही फार पटाईत नव्हते, पण बंबात ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे आणि रस्ता सांगायचे. कुठल्या मळ्याला कुठली वाट जाते, कुठल्या ओढ्यावरच्या फरशीच्या पुलावरून भरलेला बंब जाईल आणि कुठल्या पुलावर अडकेल, कुणाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं, सगळं त्यांच्या डोक्यात. आमच्याकडची वस्ती गावठाणात कमी आणि मळ्यामळ्यांत जास्त. रस्त्यावरून नुसता धूर दिसतो, त्या धुराकडं जायची वाट दिसत नाही. मामा कामावरून गेले आणि माझा नवरा आंधळा झाला म्हणा ना. दोनदा चुकला. दुसऱ्यांदा तर उसाच्या फडात बंब रुतला आणि त्याला काढायला ट्रॅक्टर लागला. क्लार्क दारात येऊन डिझेलवरून बोलून गेला, तेही मलाच. "वहिनी, रस्ता नीट विचारत जा जरा."

तेव्हा मी ती युक्ती काढली. फोन आला की गाव विचारायचं, डांबरी रस्त्यावरून आत वळायचं कुठं ते विचारायचं आणि ठणकावून सांगायचं, "फाट्यावर माणूस उभा करा. बंब येईपर्यंत त्यानं हलायचं न्हाई." माणूस फाट्यावर उभा राहायचा, बंबाच्या पायरीवर चढायचा आणि थेट आगीपर्यंत घेऊन जायचा. मामांच्या जागी रोज नवा मामा, तोही फुकट. युक्ती इतकी चालली की क्लार्कनं पालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांसमोर ती स्वतःची म्हणून सांगितली. मला राग आला, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. माझं वाक्य दोन्ही तालुक्यांत माहीत झालं होतं. आळेफाट्यावरचे गॅरेजवाले नवऱ्याची चेष्टा करायचे, "काय राव, फाट्यावर मानूस उभा केलाय का?"

आणि त्याच सुमाराला कायम करायची यादी निघाली. नऊ वर्षं रोजंदारी केल्यावर माझ्या नवऱ्याचं नाव यादीत लागलं. यादी वर मंजुरीला गेली होती. त्या दिवसांत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कायम झालो की काय काय करायचं, हे तो जेवताना बोटांवर मोजायचा.

चैत्र सरत आला होता. यात्रांचे दिवस. आमच्याकडं यात्रा म्हटली की बैलगाड्याची शर्यत, आणि शर्यत म्हटली की घरातला झाडून प्रत्येक पुरुष घाटावर. घाट म्हणजे जिथं बैल पळतात तो चढ. दुपारी दोनचा सुमार असेल. मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते आणि फोन वाजला.

"आग लागली वं बाई, गोठा पेटलाय आमचा." बाईचा आवाज, वयानं लहान. तोपर्यंत मला बहुतेक फोन पुरुषांचे यायचे, गावातल्या दुकानातून केलेले. मळ्यांवर फोन नुकते कुठं पोचायला लागले होते.

"गाव?"

तिनं सांगितलं. आळेफाट्याच्या पुढचं, नगर रस्त्यावरचं.

"आत कुठनं वळायचं?"

"पाटाचा पूल झाला की डाव्या अंगाला."

"घरात पुरुष मानूस कोण हाय?"

"कुनी न्हाई. समदी घाटावर गेलीत. मी हाय आन पोरगी हाय माझी."

"मग तूच जा फाट्यावर. लगेच जा. गाडी येईस्तोवर हलायचं न्हाई. ऐकलंस का? काय बी झालं तरी हलायचं न्हाई."

"व्हय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी भोंगा वाजवला, शेंगदाण्यांखालचा गॅस बंद केला आणि वहीत लिहिलं: दोन वाजायला पाच कमी, गोठा, बाई एकटी, फाट्यावर उभी केली. नवरा एकटाच बंब घेऊन निघाला. मला आठवतं, मी मनातून स्वतःवर खूश होते. फोन एका मिनिटात आटोपला होता.

तो परत आला तेव्हा दिवस मावळला नव्हता. शेडमध्ये बंब लावून तो बराच वेळ आत आलाच नाही. मीच गेले, तर पायरीवर बसला होता. म्हणाला, "ती फाट्यावर होती. पोर कडेवर, पायात काही नाही. डांबरावर उभी. पाय भाजत होते तर एक उचलायची, दुसरा टेकायची, पण जागा सोडली नाही तिनं." मळा फाट्यापासून दोन किलोमीटर आत होता. तासाभरानं बंब पोचला तेव्हा उसाच्या पाचटाच्या छपराची राख झालेली होती आणि त्याखाली दोन बैल आणि एक गाय, साखळीला बांधलेलीच. त्यांतला एक बैल म्हातारा होता. एके काळी त्यानं घाट गाजवला होता, आणि तिच्या सासऱ्यांनी त्याला शेवटपर्यंत सांभाळायचं ठरवलं होतं. पाणी मारायला काही उरलं नव्हतं. तरी नवऱ्यानं टाकी रिकामी केली, कारण माणसं बघत होती.

हिशेब साधा होता आणि मला तो उभ्या उभ्या कळला. पाचटाचं छप्पर पेटलं की पाव तासात खाली येतं. आमचा बंब तासाभराच्या आत तिथं पोचणारच नव्हता, कुठल्याच परिस्थितीत नाही. त्या गोठ्यापाशी मदतीला एकच माणूस होतं, आणि त्याला मी दोन किलोमीटर लांब नेऊन उभं केलं होतं.

तलाठ्यानं पंचनामा केला. त्या सुनेनं जबाबात खरं ते सांगितलं: बंबवाल्या बाईनं फाट्यावर उभं राहायला सांगितलं म्हणून मी गेले. तो कागद पालिकेत आला आणि क्लार्क आमच्याकडं. या वेळी हसला नाही. चप्पल काढून आत आला, खुर्चीवर नीट बसला.

"वहिनी, शांतपणे ऐका. कागदावर बंबाला बाईच नाही. नसलेल्या बाईनं फोन घेतला असं लिहून दिलं, तर पहिला प्रश्न काय येईल? ड्रायव्हरनं सरकारी फोन बायकोच्या ताब्यात कसा दिला? यादी वर आहे. तुमच्या मालकांचं नाव एका रेघेत उडेल."

"फोन तुम्ही बसवलात," मी म्हणाले.

"तसा कुठं कागद आहे का?"

नव्हता. त्यानं सोबत उत्तराचा मसुदा आणला होता, मी वाचला. या कार्यालयात दूरध्वनीवर महिला कर्मचारी नेमलेली नाही, सबब अशी कोणतीही सूचना देण्यात आलेली नाही. पहिला अर्धा भाग अगदी खरा होता, त्यामुळं दुसऱ्या अर्ध्यावर बोट ठेवणं अवघड जात होतं. माझ्या नवऱ्याचाही जबाब होता. त्यात एवढंच होतं की वाटेत एक बाई भेटली, तिनं रस्ता दाखवला.

क्लार्क गेल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, सही करणार तुम्ही यावर?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "नऊ वर्षं. अगं, नऊ वर्षं." आणि त्यानं सही केली. मी त्याला अडवलं नाही. हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढं मी जे केलं त्यावरून लोक मला फार धीराची समजतात. तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही.

ते तीन आठवडे मला घरात बसवलं नाही आणि घराबाहेर जाता आलं नाही. डबे खाली काढले, पुसले, परत लावले. एक शिवण तीनदा उसवली. फोन वाजला की उचलून मी गाव विचारायची, आत कुठनं वळायचं ते विचारायची आणि पुढचं वाक्य तोंडातून निघायचंच नाही. पलीकडून लोक आपणच म्हणायचे, "व्हय बाई, करतो उभा फाट्यावर मानूस." नवरा आणि मी गरजेपुरतं बोलायचो. मीठ दे, दार लाव, एवढंच.

मग एके दिवशी सकाळी मामा आले. कामावरून कमी केल्यावर त्यांनी पुन्हा थोडी मेंढरं धरली होती. शेतात खत पडावं म्हणून शेतकरी कळप बसवून घेतात, तसा त्यांचा कळप आठवडाभर त्याच गावात बसला होता. चहा पिताना त्यांनी जरा घुटमळतच विषय काढला.

"त्या पोरीचं लई वाईट झालं, बाई. सासरा म्हनतो, जनावरं मरायला टाकून पळाली आन वर खोटं रचती. पालिकेचा कागद आलाय ना, तिथं बाईच न्हाई म्हनून. चावडीवर वाचला समद्यांपुढं. नवरा बापापुढं बोलत न्हाई. आता तिला माहेरी धाडायचं ठरलंय. रविवारी भाऊ न्यायला येनार हाय. पोरगी इथंच ठेवून घेनार म्हनत्यात."

"तुम्ही सांगितलं नाही का, फोन मी घेते म्हणून?"

"सांगितलं की. म्हनले, तुझ्या सांगन्यानं काय व्हतंय, आमच्याकडं शिक्क्याचा कागद हाय."

मामा गेल्यावर मी उंबऱ्यात उभी राहिले. दिवस शुक्रवारचा होता. मला स्वतःची चीड आली. ती पोर जळत्या डांबरावर बंब येईपर्यंत उभी राहिली, का, तर मी सांगितलं म्हणून. आणि मी माझ्याच घरात गादीवर बसून, मी नाहीच असं सांगत होते.

नवरा जेवायला आला तेव्हा म्हणाले, "उद्या मी त्या मळ्यावर जाणार आहे."

"मला विचारतेस की सांगतेस?"

"सांगते."

त्यानं ताट सरकवलं. मग हात धुऊन आल्यावर म्हणाला, "एसटी आळेफाट्यापर्यंत धर. पुढं जीप मिळंल." राग होता की नाही, मला कळलं नाही. बहुतेक होता.

शनिवारी सकाळी मी फोनची पिन भिंतीतून काढली, फोन वायरीसकट पिशवीत घातला, पालिकेत गेले आणि क्लार्कच्या टेबलावर ठेवला. "आज आग लागली तर तुम्ही बघा," म्हणाले. तो काहीतरी बोलत होता, मी ऐकायला थांबले नाही. वही तेवढी माझ्याजवळ ठेवली होती.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, मला शेवटपर्यंत दाबून ठेवणं जमत नाही. मी तलाठ्याकडंही लेखी दिलं. यादी मंजूर होऊन आली तेव्हा तीत माझ्या नवऱ्याचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी क्वार्टर सोडावं लागलं. तो आळेफाट्याला भाजीच्या पिकअपवर ड्रायव्हर झाला, अजूनही गाडीच चालवतो. त्यानं मला त्यावरून कधी टोमणा मारला नाही, आणि कधी बरं केलंस असंही म्हणाला नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. नऊ वर्षं त्याची होती, माझी नव्हती, आणि ती मी त्याला न विचारता खर्च केली. हे मी झाकून ठेवणार नाही.

तर त्या शनिवारी मी पाटाच्या पुलाशी उतरले आणि आत चालत निघाले. ऊन चढलं होतं. वाट संपेना. डाव्या हाताला पाट, उजवीकडं कांद्याच्या वखारी, आणि सावलीला एक झाड नाही. ही वाट ती पोरीला कडेवर घेऊन पळत गेली असणार. मी रिकाम्या हातानं चालत होते तरी दोनदा थांबले.

मळ्यावर पोचले तेव्हा सासरे ओट्यावर सुतळी वळत बसले होते. साठी ओलांडलेला, डोक्याला टोपी, अंगानं काटक माणूस. गोठ्याची जागा शेणानं सारवून घेतली होती, तिथं नवं काही उभारलं नव्हतं. भिंतीशी एक ट्रंक बांधून ठेवली होती. सून चुलीपाशी होती. मी तिला ओळखलं नाही, आवाज तेवढा माहीत होता.

"कोन पावणं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी बंबाचा फोन घेते," मी म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या सुनेला फाट्यावर मी उभं केलं. हलू नको म्हणून मीच सांगितलं. पालिकेचा कागद खोटा आहे."

त्यांनी सुतळी खाली ठेवली. "कागदावर तर बाई न्हाई."

"कागदावर नाही. मी मात्र आहे." मी वही उघडून त्यांच्यापुढं धरली. त्यांना वाचता येत नव्हतं की चष्मा नव्हता, कोण जाणे, पण त्यांनी ती हातात घेतली नाही. मग मीच वाचून दाखवलं. वेळ, गोठा, बाई एकटी, फाट्यावर उभी केली. ते पान फाडून त्यावर माझी सही केली आणि वर्तमानपत्रासारखी घडी घालून ओट्यावर ठेवलं, त्यावर त्यांच्याच तंबाखूची डबी ठेवली.

मग सासरे चुलीकडं न बघता म्हणाले, "चहा टाक पावण्यांना."

सून उठली नाही. "आदी म्हना," ती म्हणाली.

"काय म्हनू?"

"मी खोटं बोलले न्हाई, असं म्हना. चावडीवर म्हनला व्हता तसंच मोठ्यानं म्हना."

आमच्याकडं सून सासऱ्याशी असं बोलत नाही. मला वाटलं, आता हे उठून निघून जातील आणि मी येऊन उलट हिचं नुकसान केलं असं होईल. पण ते उठले नाहीत. खाली बघत त्यांनी घसा खाकरला. "न्हाई बोललीस खोटं," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मी ऐकला, तिनं ऐकला. मग तेच पुढं म्हणाले, "ट्रंक आत ने. भावाला मी सांगंन."

तेव्हा ती उठली. चहा टाकला, कपबशी धुऊन घेतली. मला एकदम हलकं वाटलं. आपण काहीतरी निस्तरलं असं वाटलं. मी वही पिशवीत घातली आणि एसटीची वेळ आठवायला लागले.

ती कप घेऊन माझ्यासमोर बसली. पोरगी तिच्या पाठीला लोंबत होती. हळू आवाजात, सासऱ्यांना ऐकू जाणार नाही असं ती म्हणाली, "फोन ठिवल्यावर मी गोठ्यापाशी गेले व्हते. म्हाताऱ्या बैलाची साखळी हातात घेतली व्हती. मग तुमचं आठवलं. लगेच जा म्हनला व्हता. सोडून दिली."

तिनं पोरीला पुढं ओढून मांडीवर घेतलं.

"माहेर कुठलं तुमचं?"

"कळंबकडचं. मळ्यातलंच."

"बैल हायेत?"

"होते. चार."

तिनं मान हलवली, आणि जराही राग न आणता, नुसतं न कळल्यासारखं विचारलं, "मंग जनावरं सोडली का, ते पयलं कसं न्हाई इचारलं तुमी?"

चहा तिनं माझ्यापुढं सरकवला आणि पोरीला घेऊन आत गेली.